म्हशीच्या फळीवरून पन्हाळ्याला

कोल्हापूर ते पन्हाळा वीस किलोमीटर. माणसं भरून पळणाऱ्या वडाप जीपला तासभरसुद्धा लागत नाही. आम्हाला तीन दिवस लागले.

गल्लीतल्या बायका विचारतात, एवढं काय झालं, म्हणून लिहिते. मी चौथी पास आहे. वाचता येतं, लिहिता येतं, सजवता येत नाही. गडाचा इतिहास हवा असेल तर तिथं पाट्या लावलेल्या आहेत, त्या वाचाव्यात. मी फाटकं, फळ्या आणि जेवण यांबद्दल लिहिणार, कारण आमच्या वाट्याला तेच जास्त आलं.

जाणारी माणसं तीन. मी, माझी थोरली बहीण आणि तिचा मुलगा दत्ता. बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिचं सासर पन्हाळ्याच्या पायथ्याला. साखरेच्या दुखण्यानं तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नवरा आधीच गेलेला. दत्ता शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे, पण त्याची भाड्याची खोली माडीवर, सतरा पायऱ्या चढून. म्हणून अक्का माझ्याकडे आली, गंगावेशीजवळ. माझं घर तळमजल्यावर, मागं परडं, परड्यात चार म्हशी. एका शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीतून ती पुढच्या सोप्यातून परड्यापर्यंत जायची आणि परत यायची. दवाखाना सोडला तर दोन वर्षांत तिचा प्रवास एवढाच.

थंडीचे दिवस होते. मी धार काढत होते. ती मागून म्हणाली, "तानू, मला गडावर जायाचं हाय."

"कशाला?"

"बघाय."

"पन्नास वर्सं गडाच्या पायाशी काढलीस. तवा पाय हुते. तवा का न्हाय बघितलास?"

"गेलते की. ताकाचं गाडगं डोक्यावर घिऊन चढायचं, इकायचं आन उतरायचं. बागेत बसाय सवड कुणाला हुती? आन बसू तरी कोण देणार? ताकवाली बागेत बसली तर लोकं इचारणार न्हाईत व्हय, ताक कसं दिलंस म्हणून?"

हे खरं आहे. मी सगळा जन्म कोल्हापुरात काढला, पण बागेत बसायला म्हणून कधी गेले नव्हते. बाग पेन्शनरांची, पोरांची, नव्या जोडप्यांची. आपण तिच्या कडेनं म्हशी हाकत जायचं. आत जाऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"पर माझी अट हाय," अक्का म्हणाली. "मला कुणी उचलायचं न्हाय. उचलून न्यायला मी मढं न्हाय. दवाखान्यात पोत्यागत उचलत हुते, तेवढं बास झालं. आपल्या खुर्चीतनं जाणार, खुर्चीतनं येणार. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर परत इचारू नगंस. मग मी हाय आन ह्ये परडं हाय."

अक्का रागानं बोलली नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिनं सोडलेली गोष्ट परत धरलेली मी पाहिलेली नाही. दीर वाकडं बोलला म्हणून तिसाव्या वर्षी तिनं चहा सोडला होता. दीर गेला, चहा सुटला तो सुटलाच.

रविवार, तळ्याची बाग

गडाआधी जवळच्या जवळ सराव करावा असं मी ठरवलं. तळ्याच्या काठाला एक बाग आहे, घरापासून चालत पाव तासावर. सकाळची पाळी करून आलेला दत्ता खुर्ची ढकलत होता, मी पुढं रस्ता मोकळा करत होते. रस्त्यावर कुणाला "सरा" म्हणावं लागलं नाही. मला बघून लोक सरतात. म्हशींमागं पन्नास वर्षं ओरडून आवाज तसा झालाय.

बागेचं फाटक तुम्ही पाहिलं असेल. लोखंडी पाइपाचं अर्धगोल कोंडाळं, आणि त्यात लोंबकळणारं एक छोटं दार. माणसानं कोंडाळ्यात शिरायचं, दार आपल्या पुढून मागं ढकलायचं आणि पलीकडं निघायचं. बारीक माणसाला सोपं. जाड्या माणसाला श्वास धरावा लागतो. खुर्चीची पुढची चाकं आत गेली, मागची दोन बाहेरच राहिली. दत्तानं तिरकी करून पाहिली. मग मागं घेऊन परत पाहिली. पाच-सहा पोरं जमली. एक पोरगं आपल्या बापाला म्हणालं, "आज्जी अडकली."

बाप भला माणूस होता. म्हणाला, "आम्ही चौघं मिळून पलीकडं ठेवतो की, मावशी."

अक्का म्हणाली, "नगं." मग दत्ताला म्हणाली, "फिरव."

वाटेत दत्ता चिडला होता. "असलं फाटक कुठल्या येड्यानं काढलंय गं मावशी? बागेत माणसं यावीत म्हणून हाय का येऊ नयेत म्हणून?"

मी पुढं पाय उचलला. घरी आल्यावर सांगितलं, कारण कधीतरी सांगावंच लागलं असतं. त्या बागेला पूर्वी साधं, रुंद, कायम उघडं फाटक होतं. आम्ही म्हशी धुवायला तळ्यावर न्यायचो. एका दुपारी मी बायकांशी बोलत बसले आणि आमची चंद्री आत शिरली. तिच्यामागं दोघी आणखी. मी बघेपर्यंत कर्दळीचा अख्खा वाफा फस्त. गुलाब खाल्ले नाहीत, तुडवले. माळी माझ्याशी भांडला. मी त्याच्याशी त्याहून मोठ्यानं भांडले, की म्हशीला काय कळतंय कर्दळ कुठली आणि कडवळ कुठलं. पुढच्या महिन्यात ते कोंडाळ्याचं फाटक बसलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. गल्लीत सांगत फिरले होते, आमच्या चंद्रीला अडवायला सरकारला लोखंड आणावं लागलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे तुज्याच म्हशीनं मला भाईर ठिवलं."

"व्हय."

"दूध तरी बरं देत हुती का?"

"लई."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पण हसली नाही. आणि गडाचं नाव तिनं दिवसभर काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, सराव फुकट गेला, गड अजून जायचाय.

सोमवार, आमचंच परडं

सोमवारी दत्ताला सुट्टी असते. मंगळवारची त्यानं रजा टाकली. गाडीचा प्रश्न नव्हता. आमच्याकडं वैरण आणायचा टेम्पो आहे. म्हैस विकत आणायची किंवा फळवायला रेड्याकडं न्यायची तर तीही त्यातूनच जाते. प्रश्न होता अक्का टेम्पोत चढणार कशी. एसटीच्या पायऱ्या आणि जीपची उंची आम्ही आधीच बाद केली होती. तिथं उचलल्याशिवाय जमत नाही.

मी म्हटलं, म्हशी चढवायची फळी आहे ना. चांगली बाभळीची, हातभर रुंदीच्या दोन फळ्या जोडलेली, त्यावर वीतवीतभर अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. म्हशीचा खूर घसरू नये म्हणून त्या पट्ट्या. दहा-बारा मणांची म्हैस तिच्यावरून चढते, मग अक्काची काय कथा?

"म्हशीच्या फळीवरनं मी?" अक्का म्हणाली.

"दुसरी फळी न्हाय."

"मग दावं बी लाव. दोन पेंड्या टाक फुडं. तोंड धरून वढा."

फळी लावली. खुर्ची पुढून नेली आणि पहिल्याच पट्टीला धडकून उभी राहिली. पुढची चाकं म्हणजे लिंबाएवढी. पट्टी दोन बोटं उंच. दत्तानं जोर लावला तर खुर्ची मागून उचलली आणि अक्का पुढं झुकली. मी तिला धरलं, ती ओरडली, "धरू नगंस!" आणि धरलं नसतं तर ती तोंडावर पडली असती. हे आमचं फळीवरचं पहिलं भांडण.

दत्ता म्हणाला, पट्ट्या काढून टाकू. मी म्हटलं, मग म्हशी काय तुझ्या पाठीवरून चढवू? त्यानं फळी उलटी केली. उलटी बाजू गुळगुळीत. खुर्ची सर्रकन निम्म्यापर्यंत गेली, दत्ताची चप्पल घसरली, आणि खुर्ची त्याच्यासकट परत खाली आली. शेजारची मंडळी माडीवरून बघत होती. फौंड्रीत रोज मणामणाचं ओतीव इकडचं तिकडं करणारा माणूस एका म्हातारीपुढं हात टेकून उकिडवा बसला.

अक्का फळीकडं बघत होती. म्हणाली, "दत्त्या, हातगाडी खड्ड्यात रुतली तर काय करतोस? ढकलतोस का वढतोस?"

"वढतो."

"मग?"

फळी परत सुलटी केली. खुर्ची पाठमोरी केली. मोठी चाकं फळीला लागली. दत्ता टेम्पोत चढून वरून ओढायला लागला, मी खालून पाय ठेवायचा पायठाव धरला. मोठं चाक पट्टीवर चढायचं, पलीकडं बसायचं आणि थांबायचं. ज्या पट्टीनं मघाशी अडवलं होतं तीच आता चाक मागं येऊ देत नव्हती. दम घ्यायला प्रत्येक पट्टीवर जागा. आठ पट्ट्या, आठ दम, आणि अक्का टेम्पोत. कुणी उचललं नव्हतं. माडीवरून कुणीतरी टाळी वाजवली. अक्का तिकडं बघून म्हणाली, "तमाशा न्हाय चाललेला," पण दत्ताला म्हणाली, "उतरव. आन परत चढव. शिकू दे तुला."

चार वेळा चढवली, चार वेळा उतरवली. चौथ्यांदा मला पायठाव धरावाही लागला नाही. ज्यांच्या घरी असली खुर्ची आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते: फळीवर, उंबऱ्यावर, खड्ड्यात खुर्ची पाठमोरी ओढावी. हे दवाखान्यात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, गड

सकाळी साडेनऊला निघालो. म्हशी बांधायच्या कड्यांना दोऱ्यांनी खुर्ची चारी बाजूंनी बांधली होती. अक्काचं तोंड मागच्या बाजूला, आणि मी तिच्याजवळ गोणपाटावर. येणाऱ्या गाड्यांतली माणसं तिच्याकडं बघायची आणि तीही त्यांच्याकडं टक लावून बघायची. ती माणसंच आधी नजर काढायची.

पूल ओलांडला की ऊसच ऊस. एका गुऱ्हाळापाशी दत्तानं गाडी थांबवली. आपल्याकडं गुऱ्हाळावरून कुणी रिकाम्या तोंडानं जात नाही. तिथला म्हातारा माणूस काही न विचारता उसाच्या पाल्यावर गरम गुळाचा गोळा घेऊन टेम्पोपाशी आला. "पावणं, उतरू नगासा. हितंच घ्या."

अक्कानं बोट बुडवलं. दत्ता ओरडला, "आई, साखर!"

"पाय गेलाय, जीभ न्हाय गेली," अक्का म्हणाली आणि बोट चाटलं. दुसऱ्यांदा बुडवू दिलं नाही मी. गोळा मी खाल्ला. चांगला होता, जरा खारट लागला.

जोतिबाचा डोंगर दिसायला लागला तसं दत्ताच्या मनात आलं, आधी देवदर्शन करावं. अक्कानं गाडीतूनच हात जोडले. म्हणाली, "त्याच्या पायऱ्या मी लई चढलोय. आता त्येला म्हाईत हाय मी कुठं असतो." आमच्याकडं बायका बोलताना असं पुरुषासारखं बोलतात, बाहेरच्या लोकांना गंमत वाटते.

घाटाआधी एक फाटा लागतो. तिथून आत अक्काचं सासर. ती तोपर्यंत चांगली बोलत होती. फाटा जवळ आला तसं तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि म्हणाली, "गाडी थांबवू नगंस. दत्त्याला सांग, बिगी बिगी काढ."

"का?"

"कुणाला दिसाय नगं. गावातनं मी चालत भाईर पडलेलो. त्यास्नी तसंच म्हाईत असू दे."

दोन वर्षांत ती गावात का गेली नाही ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, गाडीची सोय नाही म्हणून. तिचं रान वाट्यानं दिलेलं आहे, घराला कुलूप. दत्ता महिन्यातून एकदा जाऊन येतो, आणि ती त्याला एकच विचारते, चिंच कशी आहे. त्यांच्या रानाच्या कोपऱ्यात मोठी चिंच आहे.

गडावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. हवा कोल्हापूरपेक्षा एका शालीनं थंड. टेम्पो कडेच्या एका बागेपाशी लावला. बागेचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक बागेलाच शिव्या देतात. त्या बागेच्या पलीकडच्या टोकाला तटाची भिंत आहे आणि तिथून खालची सगळी गावं दिसतात. अक्काला तिथं जायचं होतं.

फळी लावली, अक्का उतरली, आणि समोर पाहिलं तर तेच. लोखंडी कोंडाळं, मधे लोंबकळणारं दार. आमच्या तळ्याच्या बागेला होतं तसंच. शेजारी एक मोठं फाटकही होतं, दोन माणसं आडवी झोपतील एवढं रुंद, पण त्याला साखळी आणि कुलूप.

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजी चंद्री हितं बी आलती काय?"

राखणदार खाकी कपड्यातला तरणा माणूस होता. मी त्याला म्हटलं, "दादा, मोठं फाटक उघड."

"ते कचऱ्याच्या ट्रॅक्टरला हाय, आज्जी. आन साहेब आलं तर."

"आमी कोण?"

तो लाजला. "तुमी... किल्ली मुकादमाकडं हाय. त्यो तीन वाजता येतोय. तोवर मी आन ह्ये दादा मिळून आज्जीला खुर्चीसकट अलगद पलीकडं ठिवतो की. हाय काय त्यात?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. चांगल्या मनानं बोलला. पण अक्कानं दत्ताकडं पाहिलं आणि दत्तानं टेम्पोकडं. मला कळलं, आता "फिरव" म्हणणार. मी आधीच म्हटलं, "तीनपर्यंत थांबू. जेवायचं बी हाय."

"तीनला बी न्हाय उघडलं तर?" अक्का म्हणाली.

"तर घरी."

"आन परत इचारायचं न्हाय."

"न्हाय इचारणार."

तिथं झाडाखाली एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. गडावर आलात तर असल्या बाईकडं जेवा. आपल्या कोल्हापुरात पावणा आला की तांबडा-पांढरा रस्सा लागतो. गडावर झुणका, भाकरी, खर्डा, कांदा आणि छोट्या मडक्यातलं दही. लोक खाली सतरंजीवर बसून जेवतात. अक्काला खाली बसता येत नाही, आणि मांडीवर ताट घेतलं की दह्याचं मडकं कलंडतं. मी ते त्या बाईला सांगायच्या आत तिनं पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट एकावर एक ठेवले, त्यावर ताट ठेवलं आणि म्हणाली, "उंची बराबर हाय का बघा, न्हाय तर आनखी एक हाय." एवढंच. कीव नाही, चौकशी नाही. तिच्याकडं ना मुकादम होता ना किल्ली. अक्कानं दोन भाकरी खाल्ल्या. खर्डा मात्र आमच्याकडच्यापेक्षा मऊ होता, हे मी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, पुण्याची माणसं रडतात म्हणून कमी केलाय.

जेवताना मी फाटकाकडं बघत बसले होते. एक जोडपं बाबागाडी घेऊन आलं. आईनं पोर काढून काखेला मारलं, बापानं गाडी मिटवायला घेतली, ती मिटेना, मग डोक्यावरून पलीकडं टाकली. एक जाडजूड आजोबा होते. घरची सगळी आत गेली, ते बाहेर कट्ट्यावर पिशव्या सांभाळत बसले. मी विचारलं, तुम्ही का नाही गेला? म्हणाले, "गेल्या साली अडकलो होतो. सुना हसल्या." म्हणजे अडलेले आम्ही एकटेच नव्हतो. बाकीचे काही बोलत नव्हते, एवढंच.

मुकादम सव्वातीनला एम-एटी फटफटीवरून आला. पन्नाशीचा, मिशावाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "आज्जी, फाटक उघडलं की गुरं शिरत्यात. मागल्या साली एक दिवस उघडं राहिलं, अख्खी शेवंती गेली. वरनं बोलणी मी खाल्ली."

"गुरांची मला सांगतोस? चार म्हशी हायत घरी. फाटक उघड, मी हितं हुबी राहते. एक जरी म्हैस आत गेली तर मला कोंडवाड्यात घाल."

"आन तुमास्नी सोडवाय कोण येणार?"

"कोण न्हाय. म्हणून तर नीट राखीन."

तो हसला. कमरेची किल्ली काढली. साखळी गंजली होती, कुलूप दत्तानं दगडानं ठोकून सोडवलं. फाटक उघडलं, आणि अक्का आपल्या हातानं चाकं फिरवत आत गेली. दत्ता मागं, हात न लावता. वाट मुरमाची होती, पण चोपलेली. तिच्यामागून बाबागाडीवाली आणखी एक बाई गेली. मग ते आजोबा पिशव्या माझ्यापाशी टाकून गेले.

मी फाटकात उभी राहिले. म्हणून तटावरून काय दिसतं ते मला सांगता येणार नाही. मी गडावर जाऊन आले आणि गड बघितला नाही. पण एक चांगलं झालं. अर्ध्या तासानं खरंच म्हशी आल्या. तीन, वर एक रेडकू. राखणदार काठी शोधायला लागला. मी म्हटलं, थांब. मोठं फाटक मी आधीच पाहून ठेवलं होतं. ते आतही उघडायचं आणि बाहेरही. मी ते लोटून घेतलं आणि मुकादमाला आतल्या बाजूनं एक मोठा धोंडा सरकवायला लावला, की फाटक आत जाऊ नये, फक्त बाहेर यावं.

"कुलूप?" तो म्हणाला.

"कुलूप नगं. बघ."

पुढची म्हैस आली. डोकं लावलं. ढकललं. फाटक धोंड्याला टेकलं. तिनं परत ढकललं, पाइपातून नाक घातलं, शेवंतीकडं बघितलं, फुसकारली आणि उभी राहिली. म्हैस ढकलते. ओढत नाही. जन्मात कुठली म्हैस दार आपल्याकडं ओढून आत गेलेली मी पाहिलेली नाही. माणसाला हात आहेत, तो ओढतो. मी तिच्या देखत फाटक बाहेर ओढलं, आत गेले, लोटून घेतलं. ती बघत राहिली. मग कंटाळून निघून गेली.

मुकादमानं फाटक स्वतः ढकलून पाहिलं. म्हणाला, "एवढी वर्सं आमी लोखंड घालत बसलो."

दत्ता गेल्या महिन्यात गडावर जाऊन आला. धोंडा तिथंच आहे आणि कुलूप नाही. फाटकाला कडी खाली, खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येईल अशी लावून घेतली आहे, ती दत्तानंच फौंड्रीतून नेऊन दिली. आमच्या तळ्याच्या बागेसाठी मी अर्ज दिलाय. त्यात चंद्रीचं सगळं खरं लिहिलंय. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाणार आहे, आणि मी गेले की उत्तर मिळतं.

तर अक्का तासानं परत आली. दत्ताचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, आत कुणीतरी उचललं.

"काय झालं?"

"आई लई तापलीया," दत्ता म्हणाला.

अक्का म्हणाली, "तानू, आमची चिंच हाय न्हवं? तिथनं बांध सरळ हिरीकडं जातोय. माझ्या सासऱ्यानं घातलेला, दोरी धरून. आता मधी बांधाला पोट आलंय. आमच्या अंगाला. चांगलं दोन सऱ्यांचं रान खाल्लंय शेजाऱ्यानं."

"एवढ्या लांबनं दिसलं?"

"खाली राहून कधी दिसलं नसतं. वरनं रेघ दिसती रेघ. येडीवाकडी."

"मी महिन्याला जातोय की," दत्ता म्हणाला. "मला कसं न्हाय दिसलं?"

"तू बांधावर हुबा राहतोस. बांधावर हुबं राहून बांध वाकडा हाय का सरळ, कळतंय व्हय? माणसानं कधी तरी वर येऊन बघावं." तिनं उजव्या पायानं फाटक ढकललं, स्वतः बाहेर आली, आणि टेम्पोपाशी जाऊन खुर्ची पाठमोरी लावली. "चला. अजून उजेड हाय."

"घरी?" दत्तानं विचारलं.

"घरी कशाला? गावात."

मी म्हटलं, "गावात माणसं असतील. खुर्ची बघतील."

"बघू देत की. माणसंच पायजेत मला. साक्षीला."

घाट उतरून फाट्याला आत वळलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. गावाच्या पारापाशी टेम्पो थांबला. सात-आठ बाप्ये बसलेले, ते उठून उभे राहिले. दत्तानं फळी लावली. अक्का फळीवरून खाली येता येताच, पहिला जो ओळखीचा दिसला त्याला हाक मारून म्हणाली, "आरं, बघत काय हुबा राहिलास? मीच हाय. चार माणसं घे आन घरनं मापाची दोरी आण."